खामगावचा ट्रंक कॉल आणि हातून सुटलेला मेल

22 जुलै 1959 रोजी अहमदाबाद आणि खामगाव यांच्यात लांब पल्ल्याच्या फोनवर एक सौदा झाला. माल होता सरकीची ढेप. सरकीचं तेल काढल्यावर जे उरतं आणि वऱ्हाडात दुभत्या जनावराच्या पुढ्यात पडतं, ते. घेणारी अहमदाबादची गिरधारीलाल परशोत्तमदास आणि कंपनी, देणारी खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्स. तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावाला थेट नंबर फिरवायची सोय भारतात कुठेच नव्हती. ती 1960 साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली. एक्स्चेंजमध्ये कॉल नोंदवायचा, लाइन लागायची वाट पाहायची आणि लागली की आवाज चढवून भाव पक्का करायचा, असा तो जमाना. ना कागद, ना सही.

ठरलेला माल मिळाला नाही, असं म्हणत अहमदाबादच्या पेढीने तिथल्या शहर दिवाणी न्यायालयात 31,150 रुपयांचा दावा लावला. खामगावकरांनी हरकत घेतली ती थेट न्यायालयाच्या अधिकारावरच. मागणी तिकडून आली, होकार आम्ही खामगावात बसून दिला, माल खामगावात द्यायचा, पैसेही खामगावात मिळायचे, मग अहमदाबादच्या कोर्टाचा इथे संबंध काय? न्यायालयाने यातली प्रत्येक गोष्ट मान्य केली. तरी एक पेच उरलाच. होकार उच्चारला गेला खामगावात, पण ऐकला गेला अहमदाबादेत. मग करार झाला कुठे? जिथे ऐकला गेला तिथे, असं म्हणत न्यायालयाने खटला ठेवून घेतला. मधल्या काळात आणखी एक गंमत झाली होती. फोन झाला तेव्हा दोन्ही गावं एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. 1 मे 1960 ला त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली आणि खामगावच्या मिलवाल्यांना दाद मागायला नव्याने स्थापन झालेल्या गुजरात उच्च न्यायालयात जावं लागलं. तिथे अर्ज दारातूनच परतला, आणि प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं.

ऑफिसचा मेल पाठवल्यावर तो परत मागवता येतो का, हा या लेखाचा विषय आहे. मग सुरुवात ढेपेपासून कशासाठी? कारण पाठवलेला निरोप पाठवणाऱ्याच्या हातून नेमका कोणत्या क्षणी सुटतो, हा प्रश्न आपल्याकडे अगदी कसून तपासला गेला तो या ढेपेच्या खटल्यात. मेलच्या खिडकीतल्या 'रिकॉल'च्या बटणामागेही तोच प्रश्न आहे.

त्याची मुळं 1872 च्या भारतीय करार कायद्यात आहेत. या कायद्याची चौथी आणि पाचवी कलमं निव्वळ या एका गोष्टीसाठी आहेत: दिलेला शब्द कधीपर्यंत मागे घेता येतो. समजा, मी तुम्हाला माझं घर विकायचा प्रस्ताव पत्राने पाठवला आणि तुम्ही होकाराचं पत्र पेटीत टाकलं. तुमचं पत्र पेटीत पडलं त्या क्षणापासून मी बांधला गेलो; मला आता माघार नाही. तुम्ही मात्र अजून मोकळे आहात. तुमचं पत्र माझ्या हाती पडेपर्यंत तुम्ही होकार मागे घेऊ शकता. वाटेतल्या पत्राच्या आधी पोचणारं काहीतरी पाठवलं की झालं. ते काहीतरी काय, तेही कायद्याने उदाहरणात सांगून ठेवलंय: तार. इंग्लंडमध्ये 1818 पासूनचा टपालाचा नियम वेगळा होता. तिथे होकाराचं पत्र टपालात पडलं की दोघेही बांधले जात. आपल्या कायद्याने मात्र पत्र वाटेत असेपर्यंत एकाला तरी पस्तावायची मुभा ठेवली.

ही मुभा टिकून होती ती केवळ वेगातल्या फरकावर. पत्र दिवसांनी जाई, तार तासांनी. मागून निघालेली तार पुढे गेलेल्या पत्राला गाठत असे. खामगावच्या बाजाराला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब-खामगाव रेल्वेचं आणि कापूस बाजाराचं उद्घाटन झालं. त्याच्या आदल्या वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता, आणि 1870 मध्येच मुंबईहून इंग्लंडपर्यंत समुद्राखालून तारेची दोरी पडली. गाठी जहाजाने जाणार आणि भाव तारेने येणार, या दोन वेगांच्या मधल्या फटीतच कापसाचा व्यापारी नफा काढायचा किंवा बुडायचा.

फोनने ही फट बुजवली. इकडे शब्द उच्चारला की तिकडे ऐकू आला. मधे धावत जाऊन गाठायला जागाच उरली नाही.

सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती होते: जे. सी. शहा, के. एन. वांछू आणि एम. हिदायतुल्ला. निकाल 30 ऑगस्ट 1965 ला लागला, दोन विरुद्ध एक. बहुमताचा निकाल शहांनी लिहिला. 1872 च्या कायद्याच्या कर्त्यांपुढे फोन नव्हताच, तेव्हा पत्र-तारेचा नियम फोनला लावता येत नाही. फोनवरचा होकार समोरच्याला कळला की करार पुरा होतो, म्हणजे अहमदाबादेत. याला आधार होता 1955 च्या एका इंग्लिश निकालाचा. त्यात टेलेक्सवर लंडन-ॲमस्टरडॅम सौदा झाला होता आणि लॉर्ड डेनिंग यांनी नदीच्या दोन काठांवर उभ्या असलेल्या दोन माणसांची कल्पना केली होती. एकाने हाक मारून प्रस्ताव दिला, दुसऱ्याने हाकेनेच होकार दिला, पण नेमकं त्याच वेळी वरून विमान गेलं आणि होकार ऐकूच आला नाही. करार झाला का? नाही, असं डेनिंग म्हणाले. होकार पुन्हा ओरडून सांगावा लागेल.

हिदायतुल्ला यांनी वेगळा निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की कायद्याची भाषा नव्या यंत्रालाही पुरेशी आहे. होकार देणाऱ्याने फोनमध्ये शब्द उच्चारला की तो वाटेला लागला आणि त्याच्या ताब्याबाहेर गेला. वाट क्षणाची का असेना, तो शब्द आता परत बोलावता येणार नाही. म्हणून करार खामगावात झाला. एक योगायोग सांगून टाकतो. शहा जन्माने अहमदाबादचे, वकिलीची सुरुवातही तिथेच केलेली. हिदायतुल्ला नागपूरचे वकील, आणि वऱ्हाड ज्याच्या कक्षेत येई त्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. यातून कुठलाही निष्कर्ष काढू नये. पण खामगावच्या वकिलांनी चहा पिताना तो कधीच काढला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

फोनपुरतं शहांचं म्हणणं कायदा झालं. मेलच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती हिदायतुल्लांनी वर्णन केली तशीच आहे. ती कशी, हे मेलचा प्रवास पाहिला की कळतं.

'सेंड' दाबल्यावर तुमचा मेल आधी तुमच्या संस्थेच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर पत्त्यातल्या ॲट चिन्हाच्या उजवीकडचं नाव पाहतो, त्या नावाचं टपाल कोणता सर्व्हर घेतो ते शोधतो आणि त्याच्याशी बोलायला लागतो. या बोलण्याची रीत जॉन पोस्टेल यांनी 1982 साली कागदावर मांडली. तिचं नाव एसएमटीपी. आजही जगातला मेल थोड्याफार सुधारणांसह तिच्यावरच चालतो. संभाषण अगदी रुक्ष असतं. मी अमुक, हा मेल अमक्याकडून आहे, तमक्यासाठी आहे, आता मजकूर देतो. मजकूर संपला हे सांगायला एका स्वतंत्र ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. समोरून 250 हा आकडा आला की झालं. त्या आकड्याचा अर्थ: मेल मी घेतला, आता तो पोचवणं किंवा न पोचल्याचं कळवणं ही माझी जबाबदारी.

टिंबाच्या आधी पाठवणारा सर्व्हर सगळा व्यवहार रद्द करू शकतो, त्यासाठी आज्ञाही आहे. टिंबानंतर मात्र या भाषेत 'तो मेल परत द्या' म्हणायला शब्दच नाही. ही कुणाची नजरचूक नव्हे. दिलेला मेल परत मागायची सोय ठेवली असती, तर कुणीही कुणाच्याही पेटीत हात घालू शकला असता.

मग आउटलुकमधलं 'रिकॉल धिस मेसेज' हे बटण चालतं कसं? ते चालतं एका छपराखाली. पाठवणारा आणि घेणारा दोघांच्या पेट्या मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज यंत्रणेवर आणि एकाच संस्थेच्या असाव्या लागतात. जुन्या पद्धतीत आणखी अटी होत्या: समोरच्याने मेल उघडलेला नसावा, तो इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकलेला नसावा, आणि त्याच्या संगणकावर आउटलुक असावं. साहेबांनी फोनवर वाचला की संपलं. 2023 पासून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या यंत्रणेत हे काम थेट पेटीतच होतं. त्यामुळे वाचलेला मेलही काढून घेता येतो, ॲडमिनने ती मुभा बंद केली नसेल तर. पण छपराची अट कायम आहे. बुलढाण्याच्या एखाद्या पतसंस्थेतून मुंबईच्या ऑडिटरला गेलेला मेल रिकॉल केला, तर फार तर त्याला दुसरा एक मेल मिळतो: अमुक व्यक्ती आपला आधीचा मेल परत घेऊ इच्छिते. पहिला मेल त्याने कदाचित संध्याकाळपर्यंत उघडला नसता. आता तो आधी तोच उघडतो.

निरोप वाटेत असताना तो कोणाच्या हातात असतो, हाही प्रश्न आपल्याकडे आधीच विचारून झाला आहे, आणि तोही मराठी मुलखातून. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना, प्रभाकर कंदिलांचा, केंद्र सरकारला माल पुरवत असे. ओगलेवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. सरकार दिल्लीहून टपालाने चेक पाठवी. प्राप्तिकर खात्याचा प्रश्न होता की पैसे मिळाले कुठे, ब्रिटिश हिंदुस्थानात की संस्थानात? सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये निकाल दिला. टपाल खात्याच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याला काही अटींवर आपलं पत्र वाटेतून परत मागवता येत असे, त्यामुळे एरवी टपाल खातं हे पाठवणाऱ्याचाच हस्तक. पण घेणाऱ्यानेच 'चेक पाठवा' असं कळवलं असेल, तर टपाल खातं घेणाऱ्याचा हस्तक ठरतं. कारखान्याने तसं कळवलं होतं, म्हणून पैसे दिल्लीतच मिळाले असं ठरलं. म्हणजे टपालाच्या जमान्यात वाटेतलं पत्र मागवायला निदान एक तिऱ्हाईत पोस्टमास्तर होता. मेलच्या वाटेवर तसा कुणी नाही. तुमच्या सर्व्हरने सोडलं आणि त्याच्या सर्व्हरने धरलं.

जीमेलने वेगळी वाट धरली. मार्च 2009 मध्ये त्यांनी प्रयोग म्हणून 'अनडू सेंड' आणलं आणि जून 2015 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. याला मेल परत मागवणं म्हणतात, पण प्रत्यक्षात मेल गेलेलाच नसतो. 'सेंड' दाबल्यावर गूगलचा सर्व्हर तो काही सेकंद दाबून धरतो. 5, 10, 20 किंवा जास्तीत जास्त 30. तेवढ्यात तुम्ही 'अनडू' म्हटलं तर टिंब दिलंच जात नाही. ॲपलनेही 2022 मध्ये आपल्या मेलमध्ये हीच युक्ती आणली. मला या सगळ्या तंत्रात सर्वांत शहाणं हेच वाटतं, कारण ते खोटं आश्वासन देत नाही. पत्र आणि तार यांच्यात जी फट वेगाच्या फरकामुळे आपोआप मिळत होती, ती इथे मुद्दाम घडवून दिली आहे. खरी तार तर आता गेलीच. भारतात ती सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, आणि करार कायद्यातलं तारेचं उदाहरण मात्र तसंच उभं आहे.

मेल बाहेरच्या सर्व्हरवर गेला आणि तो परत हवाच असेल, तर काय करावं लागतं? 2014 च्या जूनमध्ये गोल्डमन सॅक्स या बलाढ्य बँकेच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने ग्राहकांची गोपनीय माहिती बँकेतल्या पत्त्याऐवजी मिळत्याजुळत्या नावाच्या एका जीमेल पत्त्यावर पाठवली. बँकेने गूगलला विनवलं. गूगलने न्यायालयाचा आदेश आणायला सांगितलं. बँक न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली. पुढे गूगलने तो मेल अडवला आणि तो कुणी उघडलेला नव्हता असं कळवलं. एवढी यंत्रणा हलवायची ताकद आपल्यापैकी कितीजणांपाशी आहे?

आपल्या कायद्याने मेलची वेळ आणि जागा दोन्ही ठरवून दिल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 13. दोघांनी वेगळं काही ठरवलं नसेल, तर पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणक यंत्रणेत मेल शिरला की तो 'पाठवला' गेला, आणि घेणाऱ्याच्या यंत्रणेत शिरला की 'मिळाला'. त्याने वाचला की नाही, याला महत्त्व नाही. आणि सर्व्हर सिंगापुरात असो की आयर्लंडमध्ये, मेल निघतो पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून आणि मिळतो घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी. खामगावच्या ढेपेला सहा वर्षं लागली त्या भांडणाचं उत्तर इथे एका कलमात आलं.

त्याची परीक्षा झाली 2005 मध्ये, कोळशावर. भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीने ई-लिलावात पी. आर. ट्रान्सपोर्ट एजन्सीची 4,000 टनांची बोली स्वीकारली आणि तसं 19 जुलैला मेलने कळवलं. एजन्सीने 81.12 लाख रुपये भरले. नंतर कंपनीने मेलनेच लिलाव रद्द केल्याचं कळवलं. कारण असं पुढे आलं की कुणाची तरी थोडी जास्त बोली संगणकातल्या दोषामुळे विचारात घ्यायची राहिली होती. एजन्सी अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. कंपनी म्हणाली, आमचा कारभार झारखंडात, उत्तर प्रदेशच्या न्यायालयाचा संबंध काय? न्यायालयाने खामगावचा खटला काढला, शेजारी कलम 13 ठेवलं आणि सांगितलं की होकाराचा मेल एजन्सीला तिच्या उत्तर प्रदेशातल्या व्यवसायाच्या ठिकाणी मिळाला, तेव्हा करार तिथेच पुरा झाला. दुसऱ्या मेलने पहिला पुसला जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या खटल्यात हेच धोरण ठेवलं: पाच जहाजांचा सौदा मेलवर पक्का झाला असेल, तर नंतर सही-शिक्क्याचा कागद व्हायचा राहिला म्हणून तो मोडत नाही.

ऑफिसातला सर्वांत जास्त पस्तावा देणारा मेल म्हणजे राजीनामा, रात्री अकराला लिहिलेला. इथे कायदा जरा दयाळू आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 7 मे 1977 ला राष्ट्रपतींना पत्र लिहिलं की 1 ऑगस्टपासून राजीनामा, आणि 15 जुलैला दुसरं पत्र लिहून तो मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये हे मागे घेणं ग्राह्य धरलं, कारण राजीनाम्याची तारीख अजून आलेली नव्हती. पत्र पोचलं होतं, वाचलंही गेलं होतं, तरी परत घेता आलं. खासगी नोकरीत मात्र आधी नेमणूकपत्रातल्या अटी पाहाव्या लागतील. पण 'आजपासून' लिहिणारा स्वतःची फट स्वतःच बुजवतो, एवढं सगळीकडे खरं.

चुकीचा मेल गेलाच, तर पहिलं काम म्हणजे तो आत गेला की बाहेर ते पाहणं. आत असेल तर लगेच रिकॉल करा आणि ॲडमिनला सांगा. बाहेर गेला असेल तर रिकॉलचं बटण दाबू नका. फोन करा, आणि नंतर दोन ओळींचा मेल लिहा: आधीचा मजकूर चुकून आला आहे, कृपया डिलीट करा, बरोबर माहिती ही. जोडपत्रात लोकांचे आधार क्रमांक, पगार किंवा आजाराच्या नोंदी गेल्या असतील, तर वरिष्ठांपासून लपवू नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात माहिती चुकून उघड होणं हेसुद्धा माहितीचा भंग म्हणूनच धरलं आहे. अशी फाइल मुळात जोडूच नये. ती आपल्या ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा. दुवा गेला तरी दार आपल्या हातात राहतं, आणि समोरच्याने ती उतरवून घेण्याआधी ते बंद करता येतं. मेल लिहिताना पत्त्याची चौकट रिकामी ठेवा, मजकूर आणि जोडपत्र पुन्हा पाहून झाल्यावरच ती भरा. जीमेल वापरत असाल, तर आज संगणकावर सेटिंग्ज उघडा, जनरलमध्ये 'अनडू सेंड' शोधा, 5 च्या जागी 30 करा आणि पानाच्या तळाशी जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबायला विसरू नका.